कास्त्रो चित्रजवनिका

कास्त्रो चित्रजवनिका : पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर दों जुआंव दे कास्त्रो (१५००–४८) याने १५४६ मध्ये दीव येथे मिळविलेला विजय आणि १५४७ मध्ये गोव्यात केलेला विजयप्रवेश यांचे चित्रण करणारी दहा चित्रजवनिकांची मालिका. ही मालिका सु. १५५५–६० च्या दरम्यान ब्रूसेल्स येथे बार्थोलोमेउस आद्रियान्स याच्या विणकामशाळेत विणली गेली व ती सध्या व्हिएन्ना येथील कलेतिहास संग्रहालयात आहे. प्रबोधनकालीन यूरोपातील राजदरबारांनी चित्रजवनिकेचा उपयोग केवळ भिंतींच्या शोभेसाठी न करता सत्तेच्या प्रचारासाठी कसा केला, याचे हे एक ठळक उदाहरण होय. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील समकालीन घटना हा तिचा विषय असल्यामुळे गोवा व कोकण यांच्या इतिहासाच्या दृष्टीनेही तिला महत्त्व आहे.

स्वरूप व तंत्र : चित्रजवनिका म्हणजे चित्र काढलेला किंवा भरतकाम केलेला पडदा नव्हे. तिच्यातील चित्र विणीतच घडत जाते. मागावर ताण्याचे मजबूत लोकरी धागे ओढून घेतात व निरनिराळ्या रंगांचे बाण्याचे धागे, प्रत्येक रंग ज्या भागात हवा तेवढ्याच भागात मागेपुढे नेऊन, घट्ट ठोकून बसवितात. त्यामुळे ताणा पूर्णपणे झाकला जातो आणि केवळ बाण्याच्या रंगांतून चित्र उमटते. महाराष्ट्रातील पैठणीच्या पदरावरील नक्षी याच तत्त्वावर विणली जाते. तेथेही एकच धागा सलग या काठापासून त्या काठापर्यंत न जाता प्रत्येक रंगाची वेगळी कांडी आपापल्या भागात फिरते. फरक आहे तो आकारमानाचा व हेतूचा. यूरोपीय चित्रजवनिका चार ते पाच मीटर उंच व कित्येकदा आठ-दहा मीटर रुंद असे आणि तिच्यात मनुष्याकृती जवळजवळ प्रत्यक्ष आकाराच्या दाखवीत.

प्रथम चित्रकार लहान आकाराचा आराखडा तयार करी. त्यावरून मूळ मापाचे कागदी चित्र काढले जाई. ब्रूसेल्समध्ये आडवा माग वापरीत असल्याने हे कागदी चित्र पट्ट्या कापून ताण्याखाली ठेवीत. विणकर कापडाच्या मागील बाजूने काम करीत असे, त्यामुळे तयार जवनिकेत चित्र उलट्या दिशेने उमटे व चित्रकाराला आराखडा काढतानाच याचे भान ठेवावे लागे. एका जवनिकेवर अनेक विणकर शेजारी शेजारी बसून काम करीत. बारीक विणीच्या जवनिकेचा एक चौरस मीटर विणण्यास एका कुशल विणकराला साधारणपणे एक महिना किंवा त्याहून अधिक काळ लागे. लोकर व रेशीम यांच्या जोडीला मौल्यवान मालिकांत सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची जर वापरीत. १५२८ पासून ब्रूसेल्समध्ये विणलेल्या मोठ्या जवनिकांच्या किनारीवर शहराची खूण विणणे सक्तीचे झाले. दोन बी अक्षरे व त्यांमधील तांबडी ढाल अशी ही खूण असून तिच्यासोबत विणकामशाळेचे चिन्हही असे. या खुणांमुळेच अनेक मालिकांचे मूळ आज निश्चित करता येते.

राजदरबार व चित्रजवनिका : पंधराव्या व सोळाव्या शतकांत यूरोपातील राजाच्या संपत्तीत चित्रजवनिकांना रंगचित्रांहून वरचे स्थान होते. त्याचे एक कारण खर्चाचे. पोप दहावा लिओ (कार. १५१३–२१) याने सिस्टाइन चॅपेलसाठी ब्रूसेल्समध्ये विणवून घेतलेल्या मालिकेचे आराखडे राफाएलने काढले. त्यांपैकी सात जवनिका डिसेंबर १५१९ मध्ये प्रथम टांगण्यात आल्या. आराखड्यांसाठी राफाएलला मिळालेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च प्रत्यक्ष विणकामावर झाला. त्याच चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने केलेल्या भित्तिचित्रांचे मोलही त्यापुढे अल्प ठरते. चित्रजवनिका टांगणे म्हणजे आपली संपत्ती उघडपणे मांडणे, हे पाहणाऱ्यास तत्काळ कळे.

दुसरे कारण सोयीचे. सोळाव्या शतकातील राजदरबार एका गावी स्थिर नसे. भित्तिचित्र भिंतीबरोबर राहते, पण जवनिका गुंडाळून गाडीतून किंवा जहाजातून नेता येते. परक्या राजाच्या भेटीच्या वेळी, विवाहप्रसंगी किंवा तहाच्या वाटाघाटींच्या दालनात हवा तो विषय टांगता येई. दगडी भिंतींचा गारठाही तिच्यामुळे कमी होई. वकिलाला ज्या दालनात थांबविले जाई, तेथील चित्रजवनिकांचा विषय योगायोगाने ठरत नसे. डेव्हिड, हर्क्युलीझ, अलेक्झांडर, सीझर अशा पुराणकथांतील व इतिहासातील वीरांच्या रूपाने राजा स्वतःलाच पाहुण्यांपुढे मांडीत असे.

प्राचीन वीरांऐवजी समकालीन युद्ध हाच जवनिकेचा विषय करण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स (कार. १५१९–५६) याचे आहे. १५३५ मध्ये त्याने उत्तर आफ्रिकेतील ट्यूनिसवर स्वारी केली, तेव्हा यान व्हर्मेयन या चित्रकाराला त्याने सोबत नेले होते. व्हर्मेयनच्या आराखड्यांवरून व्हिलेम दे पानेमाकर याने १५४८ ते १५५४ या काळात बारा जवनिका विणून पूर्ण केल्या. पहिली जवनिका म्हणजे भूमध्य समुद्राचा नकाशाच आहे. इतरांत जहाजांचा काफिला, तोफखाना, पाण्यासाठी चाललेली धडपड आणि शहराची लूट दाखविली असून वरच्या बाजूस स्पॅनिश व खालच्या बाजूस लॅटिन मजकूर विणला आहे. चित्रकार स्वतः घटनास्थळी होता, म्हणून हे चित्रण सत्य मानावे, अशी त्यामागील भूमिका होती. १५५४ मध्ये ही मालिका इंग्लंडला नेण्यात आली. सम्राटाचा पुत्र फिलिप आणि इंग्लंडची राणी मेरी ट्यूडर यांचा विवाह त्याच वर्षी झाला.

पोर्तुगीज दरबाराची परंपरा : पोर्तुगालने हे साधन त्याच्याही आधी वापरले होते. पाचव्या अफॉन्सोने १४७१ मध्ये मोरोक्कोतील असीला व टँजिअर ही शहरे घेतली. त्या प्रसंगाच्या चार प्रचंड चित्रजवनिका तूर्ने येथे विणल्या गेल्या व त्या आज स्पेनमधील पास्त्राना येथे आहेत. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतजवळ उतरल्यानंतर थोड्याच वर्षांत पूर्वेकडील देशांचे चित्रण करणाऱ्या जवनिकांना यूरोपात मागणी आली. १५०४ च्या सुमारास तूर्नेच्या व्यापाऱ्यांकडे ‘पोर्तुगाल व भारत यांच्या धर्तीच्या’ मालिका विकत मिळत होत्या. उंट, जिराफ व काल्पनिक प्राणी यांचे तांडे, जहाजांवर चाललेली चढउतार आणि विचित्र पोशाखातील माणसे यांनी त्या भरलेल्या असत. या चित्रांतील भारत हा प्रत्यक्ष पाहिलेला देश नाही. नवलाईचे व संपत्तीचे भांडार म्हणून कल्पिलेला तो प्रदेश आहे.

तिसरा जुआंव (कार. १५२१–५७) याच्या काळात या कल्पनेला अधिक नेमके राजकीय रूप आले. त्याची राणी कातारीना ही पाचव्या चार्ल्सची बहीण होती. त्यांच्या विवाहानंतर ब्रूसेल्स येथे गेओर्ग वेझलरच्या विणकामशाळेत ‘गोल’ या नावाने ओळखली जाणारी तीन जवनिकांची मालिका तयार झाली. तिच्यातील तिसऱ्या जवनिकेत ज्यूपिटर व जूनो या देवतांच्या रूपात राजा व राणी उभी असून त्यांच्यामध्ये पृथ्वीचा गोल आहे. गोलावर आफ्रिका व हिंदी महासागराचा प्रदेश दिसतो आणि पोर्तुगीज ठाण्यांवर निशाणे रोवलेली आहेत. राजाचा राजदंड लिस्बनवर टेकला आहे. समुद्रमार्ग हीच ज्या राज्याची मुख्य मालमत्ता होती, त्याने नकाशालाच देवत्व दिले, असे या जवनिकेविषयी म्हणता येईल.

दीवचा वेढा : कास्त्रो चित्रजवनिकांचा विषय झालेल्या घटना थोडक्यात पुढीलप्रमाणे आहेत. गुजरातच्या सुलतानाशी झालेल्या करारानुसार १५३५ मध्ये पोर्तुगीजांनी दीव बेटावर किल्ला बांधला. तो परत घेण्याचा पहिला प्रयत्न १५३८ मध्ये झाला. एप्रिल १५४६ मध्ये सुलतान तिसरा महमूद याच्या वतीने ख्वाजा सफर या सेनानीने दुसरा वेढा घातला. प्रारंभी किल्ल्यात किल्लेदार जुआंव मास्कारेन्यश व सु. २०० सैनिक होते. जूनमध्ये ख्वाजा सफर तोफगोळ्याने ठार झाला व त्याचा मुलगा रूमी खान याने वेढा पुढे चालविला. पावसाळ्यामुळे गोव्याहून मोठी कुमक पाठविणे अशक्य होते. ऑगस्टमध्ये सुरुंगाने तटाचा बुरूज उडाला व त्यात गव्हर्नर कास्त्रोचा धाकटा मुलगा फेर्नांदो मरण पावला. थोरला मुलगा आल्व्हारो पुढे कुमक घेऊन पोहोचला. अखेर कास्त्रो स्वतः आरमारासह दीवला आला आणि नोव्हेंबर १५४६ मध्ये किल्ल्याबाहेर पडून त्याने वेढा मोडला. रूमी खान या लढाईत मारला गेला.

विजयानंतरही पोर्तुगीजांची स्थिती बिकटच होती. तट उद्ध्वस्त झाला होता आणि तो नव्याने बांधण्यास खजिन्यात पैसा नव्हता. कास्त्रोने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले. तारण म्हणून मृत मुलाच्या अस्थी पाठविण्याचा त्याचा विचार होता, पण ते शक्य नसल्याने त्याने आपल्या दाढीचे केस पाठविले, ही कथा पोर्तुगीज इतिहासात प्रसिद्ध आहे. नगरसभेने रक्कम दिली. चौलच्या पोर्तुगीज स्त्रियांनी आपले दागिने देऊ केले, असेही त्याच्या सतराव्या शतकातील चरित्रात म्हटले आहे. या कथांकडे पुढे निष्ठेची उदाहरणे म्हणून पाहिले गेले. मात्र त्यांतून निघणारा साधा अर्थ असा, की हिंदी महासागरावर हक्क सांगणाऱ्या राज्याच्या प्रतिनिधीजवळ एका किल्ल्याचा तट बांधण्याइतकीही रोकड नव्हती.

गोव्यातील विजयप्रवेश : एप्रिल १५४७ मध्ये कास्त्रो गोव्यास परतला. त्याचे स्वागत प्राचीन रोमन सेनापतीच्या विजयमिरवणुकीच्या धर्तीवर करण्यात आले. त्याच्या प्रवेशासाठी रस्ते व दरवाजे शृंगारले होते. मस्तकावर विजयाची पर्णमाला धारण करून तो शहरात शिरला. जिंकलेली निशाणे, तोफा व साखळदंडातील बंदिवान मिरवणुकीत होते आणि दीवच्या वेढ्यात भग्न झालेला क्रूस त्याच्यापुढे नेण्यात आला. सज्जांतून स्त्रियांनी फुले व सुगंधी जल यांचा वर्षाव केला. हा वृत्तांत लिस्बनला पोहोचल्यावर, कास्त्रोने विजय ख्रिस्ती मनुष्याप्रमाणे मिळविला, पण तो साजरा मात्र मूर्तिपूजकाप्रमाणे केला, अशा आशयाचा अभिप्राय राणी कातारीनाने दिल्याचे परंपरा सांगते.

मिरवणुकीमागे केवळ आत्मगौरव नव्हता. कास्त्रो हा प्रबोधनकालीन विद्येत वाढलेला मनुष्य होता. गणिती पेद्रो नूनिश याच्याकडे तो शिकला होता. १५३५ च्या ट्यूनिस मोहिमेत त्याने भाग घेतला होता आणि राजकीय समारंभाचे सामर्थ्य तो जाणत होता. गोव्याला या सुमारास विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाशी बार्देश व साष्टी या प्रांतांवरून संघर्षाला तोंड द्यावे लागत होते. १५४७ मध्येच कास्त्रोने विजयानगर व अहमदनगर या राज्यांशी तह केले. अशा वेळी आपण दुर्बल नाही, हे शेजारच्या दरबारांना व गोव्यातील कर्ज देणाऱ्या नागरिकांना दाखविणे त्याला आवश्यक होते. याच काळात त्याने भारतातील सर्व पोर्तुगीज गव्हर्नरांच्या व्यक्तिचित्रांची मालिका सुरू केली. इतिहासकार गास्पार कोरैया याच्या देखरेखीखाली ती चित्रे गोव्यातील एका स्थानिक चित्रकाराने रंगविली. त्या चित्रकाराचे नाव इतिहासात उरले नाही. नंतर वाढत गेलेली ही मालिका जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात आहे. कास्त्रोला व्हाइसरॉयपद मिळाले, पण त्यानंतर लवकरच, ६ जून १५४८ रोजी, तो गोव्यात मरण पावला.

मालिकेतील चित्रण : दहा जवनिकांपैकी काहींत दीव येथील युद्ध आणि काहींत गोव्यातील मिरवणूक आहे. मिरवणुकीच्या जवनिका एकापुढे एक टांगल्या असता दालनाच्या भिंतींवरून सैनिक, बंदिवान व लूट यांची सलग रांग चालली आहे असा भास होतो आणि प्रेक्षक स्वतः त्या रस्त्यावर उभा असल्यासारखा होतो. एका घटनेचे अनेक जवनिकांत विभाजन करण्यामागील हेतू हाच होता.

ज्या ब्रूसेल्सच्या कलावंतांनी ही चित्रे रचली, त्यांनी गोवा पाहिला नव्हता. ट्यूनिसच्या मालिकेसाठी चित्रकार सैन्याबरोबर गेला होता. येथे तसे घडले नाही. लेखी वृत्तांतांच्या आधारे व फ्लेमिश चित्रकलेतील रूढ संकेतांनुसार प्रसंगांची मांडणी झाली. त्यामुळे इमारती, कमानी व अनेकांचे पोशाख रोमन अथवा यूरोपीय वळणाचे आहेत. मांडवीकाठची वस्ती, तेथील घरे, झाडे व माणसे यांचा तपशील शोधणाऱ्यास ही मालिका फारसे काही देत नाही. यूरोपातील राजांना आपला पूर्वेकडील विजय कसा दिसावा असे वाटत होते, हे मात्र ती नेमके सांगते. ही मालिका कोणी विणवून घेतली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कास्त्रोचे कुटुंब आणि पोर्तुगीज राजघराणे या दोहोंची नावे पुढे केली जातात. पुढे ती हॅप्सबर्ग घराण्याच्या संग्रहात आली व त्यातून व्हिएन्नाच्या संग्रहालयात पोहोचली. १९९५ मध्ये लिस्बन येथील प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिचे प्रदर्शन भरले होते.

चित्रणाबाहेरचा इतिहास : राजकीय कलाकृतीचा विचार करताना तिने काय दाखविले याइतकेच काय वगळले, हेही पाहावे लागते. दीवचा वेढा उठल्यानंतर पोर्तुगीज सैन्याने शहर लुटले व तेथील रहिवाशांची सरसकट कत्तल केली, हे पोर्तुगीज बखरकारांनीच नमूद केले आहे. त्यापाठोपाठ त्यांच्या जहाजांनी खंबायतच्या आखातातील घोघा इ. बंदरे जाळली. गोव्यात, जेथे मिरवणूक निघाली त्या तिसवाडी बेटावरील मंदिरे १५४० मध्ये पाडण्यात आली होती. विजयप्रवेशाच्या वेळी रस्त्यांत जमलेल्या लोकांपैकी अनेकांनी ही मंदिरे उभी असलेली पाहिली होती. साखळदंडातील बंदिवान जवनिकेत दिसतात ते पराभवाचे प्रतीक म्हणून. त्यांची कथा सांगणारी जवनिका कोठेही विणली गेली नाही.

मालिकेच्या खर्चाचा प्रश्नही याच संदर्भात पाहावा लागतो. पोर्तुगीज राजाचा मसाल्याचा व्यापार अँटवर्प येथील वखारीतून चाले. मलबारची मिरी तेथे विकली जाई आणि त्याच वखारीमार्फत फ्लँडर्समधील चित्रजवनिका, चित्रे व इतर चैनीच्या वस्तू लिस्बनला जात. भारतीय किनाऱ्यावरून गेलेला माल अशा रीतीने भारताच्या पराभवाच्या प्रतिमांत रूपांतरित होऊन राजवाड्यांच्या भिंतींवर पोहोचत होता. पण हा व्यापार अखंड फायद्याचा राहिला नाही. कर्जाच्या ओझ्यामुळे तिसऱ्या जुआंवने १५४९ मध्ये अँटवर्पची वखार बंद केली. म्हणजे कास्त्रो चित्रजवनिका विणल्या गेल्या, तेव्हा त्यांतील वैभवाचा आर्थिक पाया ढासळू लागला होता. सत्ता निश्चिंत असताना तिला प्रतिमांची जितकी गरज भासते, त्याहून ती डळमळीत असताना अधिक भासते, याचा हा बोलका पुरावा आहे.

कोकण व चित्रजवनिकेबाहेरची दरबारी कला : कास्त्रो हा कोकणच्या किनाऱ्याला अपरिचित नव्हता. गव्हर्नर होण्यापूर्वी, १५३८–३९ मध्ये, आरमाराबरोबर गोव्याहून दीवला जाताना त्याने संपूर्ण किनाऱ्याचे मार्गवर्णन लिहिले. त्यात दाभोळ, चौल इ. बंदरांचे आराखडे आहेत आणि घारापुरीच्या लेण्यांचे, यूरोपीयांनी केलेल्या आरंभीच्या वर्णनांपैकी एक वर्णन आहे. खोली, खडक, वारे व होकायंत्राचे विचलन यांच्या नोंदी त्याने काळजीपूर्वक केल्या. ब्रूसेल्सच्या जवनिकांतील कल्पित गोवा आणि कास्त्रोच्या स्वतःच्या वहीतील मोजून काढलेला किनारा यांत मोठे अंतर आहे. एकाच मनुष्याभोवती ज्ञान व प्रचार अशी दोन परस्परभिन्न चित्रे तयार झाली.

या किनाऱ्यावरील चौल (रायगड जिल्हा) हे कुंडलिका नदीच्या मुखावरील बंदर होते. निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी तेथे १५२१ मध्ये किल्ला बांधण्यास प्रारंभ केला. तोच पुढे रेवदंड्याचा किल्ला म्हणून ओळखला गेला. चौलचे रेशीम विणकाम सोळाव्या शतकात दूरवर प्रसिद्ध होते. डच प्रवासी लिन्सखोटेन याने १५८० नंतरच्या दशकात त्याची नोंद केली आहे. ज्या राजवटीने आपल्या विजयाची चित्रे ब्रूसेल्सच्या विणकरांकडून घडविली, तिच्याच भारतातील ठाण्याशेजारी कुशल विणकर काम करीत होते. त्यांच्याकडून पोर्तुगीज व्यापारी तलम वस्त्रे घेत, पण राज्याचा इतिहास सांगणारे कापड मात्र यूरोपातच विणले जाई. खाडीच्या वरच्या अंगास कुंडलिकेवर रोहे व तिच्या पलीकडे अष्टमी, तर उत्तरेस भोगावतीच्या खाडीवर पेण, ही किनाऱ्यावरील माल घाटाकडे चढविण्याची व घाटावरील माल उतरविण्याची ठिकाणे होती. भांडे, मीठ, भात व कापड यांबरोबर दरबारांमधील वकीलही याच वाटांनी जात.

त्यांपैकी एक वकिलात येथे विशेष उल्लेखनीय आहे. मे १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्‍री ऑक्झेंडेन मुंबईहून समुद्रमार्गे चौलला आला. तेथून खाडीने अष्टमीपर्यंत व पुढे निजामपूरमार्गे तो रायगडावर पोहोचला. ६ जून १६७४ रोजी झालेल्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकसमयी तो दरबारात उपस्थित होता. त्याने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस उभारलेल्या सोनेरी भाल्यांवरील चिन्हांची नोंद केली आहे. उजव्या बाजूस मोठ्या दातांची दोन सुवर्ण मत्स्यमुखे, तर डाव्या बाजूस अश्वपुच्छे आणि भाल्याच्या टोकावर टांगलेला सोन्याचा तराजू होता. तराजू हे न्यायाचे चिन्ह असल्याचे त्याने लिहिले आहे. त्यानंतर त्याच महिन्यात इंग्रजांशी तह झाला.

रायगडावरील या रचनेची चित्रजवनिकांशी तुलना केल्यास दोन्हींचे प्रयोजन एकच असल्याचे दिसते. वकिलाने काय पाहावे व आपल्या धन्याला काय लिहून कळवावे, हे दरबार ठरवीत असे. मात्र साधने भिन्न होती. भारतीय दरबारांत भिंतीवरील विणलेल्या कथेऐवजी सिंहासन, छत्र, चामरे, निशाणे, शामियाने व कनाती यांना हे कार्य करावे लागे. वस्त्रालाही तेथे राजकीय अर्थ होता, पण तो वेगळ्या प्रकारचा. राजाने दिलेली वस्त्रे अंगावर घेणे म्हणजे त्याचे स्वामित्व मान्य करणे, हा संकेत मोगल, दक्षिणी व मराठा दरबारांत सारखाच पाळला जाई. पुढे पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून घ्यावी लागत. प्रत्यक्ष सत्ता पुण्यात एकवटल्यावरही हा उपचार सुटला नाही. यूरोपात वस्त्र भिंतीवर राहून पाहणाऱ्याला गप्प करी, तर येथे ते घेणाऱ्याच्या अंगावर चढून त्याला बांधून घेई.

मूल्यमापन : सतराव्या व अठराव्या शतकांनंतर राजदरबारांतील चित्रजवनिकांचे राजकीय महत्त्व ओसरले. छापील चित्रे व पत्रके यांनी कमी खर्चात प्रचार साधता येऊ लागला. अनेक जुन्या जवनिका जाळून त्यांतील सोन्याचांदीची जर काढून घेण्यात आली. कास्त्रो मालिका मात्र पूर्ण दहा जवनिकांसह टिकली, हे तिचे वैशिष्ट्य. कलाकृती म्हणून तिच्यातील रचनेचा भव्यपणा व विणकामाचे कौशल्य निर्विवाद आहे. ऐतिहासिक साधन म्हणून तिचा उपयोग करताना मात्र ती विजेत्याची साक्ष आहे, याचे भान ठेवणे अगत्याचे ठरते. दीवचा उद्ध्वस्त तट, उसनवारीवर चाललेला राज्यकारभार, जाळलेली बंदरे व पाडलेली मंदिरे यांची माहिती पत्रे, बखरी व नगरसभेची दप्तरे यांतूनच मिळते. ती जवनिकांशेजारी ठेवून पाहिली असता, सोळाव्या शतकातील साम्राज्य प्रत्यक्षात काय होते आणि ते काय असल्याचे भासवू इच्छित होते, या दोन्ही गोष्टी एकत्र समजतात.